उडती होडी, पुढची खोली आणि बाकीची वाटणी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा शिवणकाम (डोळे अजून सुईत दोरा ओवतात, पण गिऱ्हाईक घेणे बंद), राहणार ज्या घरात हा कागद लिहिते आहे त्याच घरात, असे लिहून ठेवते की माझी अक्कल जागेवर आहे आणि हे जे लिहिते आहे ते कुणी मागे उभे राहून सांगत नाही. मागे उभे राहून सांगणाऱ्यांचे मी आयुष्यभर ऐकले नाही, आता काय ऐकणार!

अक्कल जागेवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो कसा मिळाला हेही लिहिते, कारण उद्या कुणाला या कागदावर बोट ठेवायचे झाले तर आधी तिथेच ठेवतील.

गेल्या वर्षी मी गावाबाहेरच्या तळ्यात कमरेइतक्या पाण्यात उतरले. जीव द्यायला नव्हे, माझी उडती होडी काढायला. उडती होडी म्हणजे नावेसारख्या बुडाचे विमान, पाण्यावरून उठते आणि पाण्यावरच उतरते. माझे पाच फूट पंखांचे आहे, हातातल्या रेडिओच्या पेटीवर चालते, आणि नकाशावरून काडी काडी जोडून घरी बांधलेले आहे. ते त्या दिवशी उठले नाही, नाक खुपसून पाण्यात आडवे झाले. तळ्याच्या राखणदाराने आरडाओरडा केला, आणि संध्याकाळपर्यंत ती गोष्ट माझ्या थोरल्याच्या कचेरीत पोचली. तिथे तो हेडक्लार्क आहे.

"आई, ते खेळणं एक दिवस तुझा जीव घेईल," थोरला म्हणाला.

"घेऊ दे की. निदान म्हातारी काहीतरी करताना गेली म्हणतील."

यात त्याला डोके फिरल्याचे लक्षण दिसले. चार दिवसांनी तो डॉक्टरांना घेऊन आला. डॉक्टर गोड माणूस. त्यांनी वार विचारला, तारीख विचारली, मग म्हणाले, "आजी, शंभरातून सात-सात कमी करत या." मी खाली दोनापर्यंत येऊन थांबले. डॉक्टर बाहत्तरलाच बोटे मोजत राहिले होते.

"आता माझा एक प्रश्न," मी म्हटले, आणि नकाशा टेबलावर पसरला. "यातल्या कुठल्या रेघा बाहेरून दिसणाऱ्या आणि कुठल्या आतल्या, तेवढं सांगा."

त्यांनी नकाशा उभा धरला, आडवा धरला, चष्मा काढला. "आजी, मला यातलं ओ की ठो कळत नाही."

"मग तुमचाही एक दाखला लिहू का?"

डॉक्टर पोट धरून हसले आणि दाखला तिथेच लिहून दिला. थोरला दारात उभा राहून चपला शोधत होता. चपला पायातच होत्या.

कलम एक. घर. हे माझे स्वकष्टार्जित आहे. नवरा लवकर गेला. त्याच्यामागे मी दुसऱ्यांचे कपडे उसवत-शिवत तीन खोल्या उभ्या केल्या. माझ्या पश्चात घर थोरल्याला आणि धाकटीला निम्मे-निम्मे. "माझ्या पश्चात" या शब्दांखाली मी दोनदा रेघ ओढली आहे.

कारण थोरल्याने दाखल्यानंतरही हार मानली नाही. त्याने मुखत्यारपत्र करून आणले. मी फक्त सही करायची. मग तो हे घर विकणार, आणि मी त्याच्याकडे जायचे, मागच्या खोलीत, जिथे एक पलंग मावतो आणि खिडकीतून शेजारच्यांची पाण्याची टाकी दिसते. त्याचा हेतू वाईट आहे असे मी म्हणत नाही. लहानपणी हा पोरगा मी बाजारातून यायला उशीर केला की दाराच्या कडीला लोंबकळून रडायचा. तो अजून तसाच लोंबकळतोय. पण भीती त्याची आणि कोंडून घ्यायचे मी, हा कुठला न्याय? माझ्या पुढच्या खोलीत आठ फुटांचे कापायचे टेबल आहे. त्यावर पंख सपाट मावतो. मागच्या खोलीत मी स्वतः मावेन, पंख मावणार नाही.

ते मुखत्यारपत्र माझ्याकडेच आहे. कागद जाड, ताठ, उत्तम प्रतीचा. त्याच्या पाठीवर मी शेपटीचा साचा काढून कापून घेतला. उरलेला भाग थोरल्याला हवा असेल तर डब्यात आहे.

कलम दोन. बँकेत जे असेल ते दोघांत सारखे. लाकूड, गोंद आणि बॅटरी यांवर मी जे उडवले त्याबद्दल कुणी हळहळू नये. मी त्यांच्या मोटारसायकलीबद्दल कधी हळहळले नाही.

कलम तीन. मोठी कात्री धाकटीला. ती दवाखान्यात परिचारिका आहे, तिला धार कळते. ही कात्री ज्या मास्तरांकडे मी पहिल्यांदा काम केले त्यांची. मास्तर म्हणायचे, "बायकांनी काजं-बटणं करावीत, कापड कापायला डोकं लागतं." सहा वर्षे काजे केली. घरी जुने कोट विकत आणून टाके उसवायचे, तुकडे जमिनीवर मांडायचे आणि पाहायचे की गळा कसा वळतो, बाही कुठे फसते. कटिंग मी असे चोरून शिकले, मेलेल्या कोटांकडून. मास्तरांचे दुकान मोडले तेव्हा त्यांच्या मुलाने सामान विकायला काढले आणि मी फक्त कात्री उचलली. मास्तर, तुम्ही जिथे असाल तिथे ऐका. तुमच्या कात्रीने मी पंखावरचे रेशीम कापले आहे. डोके लागले, आणि ते होते.

कलम चार. शिलाईचे मशीन सूनबाईला. ती म्हणेल, मला येत नाही. मलाही येत नव्हते.

कलम पाच. नकाशा थोरल्याला.

याचे कारण जरा लांबण लावून सांगावे लागेल. नकाशा टपालाने आला तेव्हा मला वाटले, हे तर कागदी कटिंगच! पूर्ण मापाचे आकार छापलेले, कापायचे आणि जोडायचे. दुकानदाराने लाकूड देताना विचारले होते, "आजी, नातवासाठी ना?" मी म्हटले, "नातू नोकरीला लागला. तो आता मोठा झाला, मी अजून व्हायचेय."

तर मी बुडाच्या सांगाड्याचे आकार कापायला घेतले. चौदा आकार, पुठ्ठ्याएवढ्या जाडीच्या हलक्या लाकडाचे. आणि पन्नास वर्षांच्या हाताने काय केले असेल? प्रत्येक आकाराला भोवताली अर्धा इंच शिलाईची माया सोडली. लाकडाला! लाकूड कुठे दुमडायचे असते? मन रेडिओवरच्या बातम्यांत होते आणि हात आपली सवय गिरवत होते. सगळे बूड गलेलठ्ठ झाले. पंख त्यावर बसेना, तर मी चूक शोधायची सोडून पंखाची बैठकच रुंद केली, जशी गिऱ्हाइकाची कंबर सुटली की आपण शिवण सोडतो. म्हणूनच ते तळ्यावर उठले नाही. या काठापासून त्या काठापर्यंत फुगल्या बदकासारखे पाणी कापत गेले, आणि पुढचे आपण वाचलेच आहे.

चूक सापडायला तीन आठवडे लागले. ती कुणी दाखवली नाही, माझी मलाच सापडली, याचा मला उडण्याइतकाच आनंद झाला. मग दुसरे बूड केले, मायेशिवाय. पाच महिने लागले. बुडाला खालून मध्यावर एक पायरी असते. तिथे पाणी तुटते, नाहीतर ते विमानाला चिकटून राहते आणि सोडत नाही. ती पायरी मी इतकी नेमकी केली की अंगठा फिरवला तर कड नखाला लागते.

नकाशावर माझ्या सगळ्या चुका लाल पेन्सिलीने लिहिलेल्या आहेत. थोरल्या, तो वाच. आईचे डोके फिरले आहे की नाही, हे डॉक्टरांपेक्षा तो चांगले सांगेल.

इथवर काल लिहून झाले. कलम सहा उडत्या होडीचे. ते आज लिहिते आहे, कारण आज सकाळी ती तळ्यावर नेली.

मी कुणाला सांगितले नव्हते. राखणदाराने सांगितले असावे. पेटीचा पट्टा गळ्यात घालून मी काठावर उभी राहते तोच बांधावरून थोरला धावत आला. बावन्न वर्षांचा माणूस, शर्टाची एक बाजू बाहेर.

"आई, घरी चल."

"वारा साडेनऊला वाढतो. तोवर थांब."

"तुझा हात कापतोय, बघ."

"हात माझा कापतोय, पंख नाही."

तो पेटीकडे हात करणार होता. मी नुसते पाहिले. त्या नजरेला तो सातवीत असताना घाबरायचा, अजूनही घाबरतो. हात मागे घेतला.

मी मोटर वाढवली. होडी आधी पाण्यात बसूनच पुढे सरकली, मग पायरीवर चढली, मग तिच्या मागची पांढरी रेघ बारीक होत गेली, सुतासारखी, आणि एका जागी तुटली. पुढे पाण्यावर काहीच नव्हते. वर पाहिले तर ती होती.

मी तीन फेऱ्या घेतल्या. चौथीला भीती वाटली, ती मी कुणाला दाखवली नाही. उतरताना दोनदा आपटली, एका बाजूच्या पंखाखालचा तरंगता पाय मोडला. मोडू दे, आहे लाकूड. राखणदार टाळ्या वाजवत होता. थोरला नाही. तो चिखलात उकिडवा बसला होता आणि चष्मा पुसत होता.

मग म्हणाला, "आई, निदान पुढच्या वेळी मला विचारून तरी येत जा."

कलम सहा. उडती होडी मी कुणालाही देत नाही. माझ्या पश्चात ती भिंतीवर टांगू नये, काचेत ठेवू नये, माझ्या फोटोशेजारी तर मुळीच नाही. ज्याला चालवता येईल त्याने ती पाण्यावर न्यावी आणि मोडेपर्यंत उडवावी. ज्याला स्वतःची हवी असेल त्याने थोरल्याकडून नकाशा मागून घ्यावा. थोरल्याने तो द्यावा.

कलम सात. हा कागद अमलात आणायचे काम धाकटीने करावे. साक्षीदाराला या कागदातून काही देता येत नाही असे वकील म्हणतात, म्हणून राखणदाराला माझी मोठी छत्री मी आजच हातात दिली. डॉक्टरांना काही नको आहे, त्यांना फक्त एकदा पेटी धरायची आहे. बघू.

कलम आठ आणि शेवटचे. मुखत्यारपत्रावर मी सही केलेली नाही, करणारही नाही. पुढची खोली, कापायचे टेबल आणि तळ्याची वाट मी हयात आहे तोवर माझी. थोरल्याला चिखलात जे उत्तर दिले तेच इथे पक्के लिहून ठेवते, म्हणजे वाद नको: यापुढे तळ्यावर जाताना मी तुला सांगून जाईन. विचारून जाणार नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, दोन ठिकाणी खाडाखोड केली, ती माझीच आहे.

ठिकाण: माझ्या घराची पुढची खोली
दिनांक: नऊ फेब्रुवारी, रविवार, दुपारी

लिहून ठेवणार: (सही) शिलाईवाली बाई, सर्व सरकारी कागदांवर आहे तीच सही

साक्षीदार एक: (सही) डॉक्टर. बाईंनी माझ्यासमोर सही केली. हात कापत होता, सही नाही.

साक्षीदार दोन: (अंगठा) तळ्याचा राखणदार. बाईंनी माझ्यासमोर सही केली. विमान उडाले तेही मी पाहिले, तेही लिहा म्हणालो.