खत कच्चं नव्हतं

९ नोव्हेंबर, रविवार

प्रिय चिमणे,

खूप खूप आशीर्वाद. आम्ही बरे आहोत. तुझ्या वहिनीचा गुडघा सुधारलाय. जिना चढताना अजून कुरकुर ऐकू येते, पण ती गुडघ्याची नाही, वहिनीची. गच्चीवरच्या रोपवाटिकेला नवीन छप्पर घातलं. दीड वर्षात तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आता सुरुवात छपरापासून करतोय. काय करणार!

तुझी ती परदेशी तुळस, बेसिल, यंदा झकास आलीय. दोनशे कुंड्या. नुसता हात लागला तरी वास दुपारपर्यंत जात नाही. सगळं तुझ्या वहीबरहुकूम: दोन भाग नारळाचा भुसा, एक भाग गांडूळखत, एक भाग कुजवलेला पालापाचोळा, मूठभर जाडी वाळू. गेल्या खेपेची मातीही फेकली नाही. मुळं चाळून काढली, खत मिसळलं आणि पुन्हा भरली. रासायनिक खताचं एकही पोतं गच्चीवर चढलं नाही. शेंडा वेळेवर खुडायचा, हे तू शंभरदा सांगायचीस आणि मी नुसता ‘हो हो’ करायचो. आता खुडतो. एका शेंड्याचे दोन होतात याचं या वयात नवल वाटतंय.

वही तू इथेच टाकून गेली होतीस. वहिनीने जपून ठेवली होती. मे महिन्यात तिने ती माझ्यासमोर आपटली. म्हणाली, “आधी वाचा, मग जेवायला या.” तिला मी काही सांगितलं नव्हतं, पण तिच्यापासून काय लपतं?

आता ते लिहितो.

हॉटेलच्या आचाऱ्याची बेसिलची ती पहिली मोठी मागणी. मिश्रण तुझं, रोपं तुझी. दहा दिवस उरले होते आणि रोपं मला लहान वाटत होती. तू बियाणं आणायला बाहेरगावी गेलीस आणि मला धीर धरवेना. रासायनिक खत पाण्यात कालवून घातलं. दोन दिवसांनी पुन्हा, तेही दुप्पट. तू परतलीस तेव्हा पानांच्या कडा करपल्या होत्या आणि मातीवर पांढरा थर आला होता.

तो थर नखाने खरवडून तू विचारलंस, “दादा, हे क्षार कुठून आले? तू काही घातलंस का?”

आचारी शेजारीच उभा होता. मी म्हणालो, “हिचं खत कच्चं राहिलं. मी आधीच सांगत होतो.”

भांडली असतीस तर बरं झालं असतं. तू हातातली झारी खाली ठेवलीस आणि जिना उतरलीस. दुसऱ्या दिवशी तुझी खोली रिकामी.

आचाऱ्याने ते चार ठिकाणी सांगितलं. तुला रोपांचं काम कुणी देईना, तू कापडाच्या दुकानात उभी राहतेस, हे सगळं माझ्या कानावर येत होतं. तरी मी गप्प बसलो.

गेल्या मंगळवारी तो आचारी आला. पान चुरगाळून हुंगलं आणि म्हणाला, “वा! तुमच्या हाताला गुण आहे.”

“हात माझा आहे, अक्कल बहिणीची,” मी म्हणालो. मग सगळंच सांगून टाकलं, तो थर, ती दुप्पट मात्रा.

त्याने हातातलं चुरगाळलेलं पान बाजूला ठेवलं. मग म्हणाला, “मी ज्यांना ज्यांना तसं सांगितलं, त्यांना फोन करतो. बहिणीला मात्र तुम्हीच सांगायचं.”

त्याच्या हॉटेलच्या गच्चीवर बाग करायची आहे. तुला विचारायचंय म्हणाला. नंबर मागे लिहिलाय. माझ्याशी बोलली नाहीस तरी त्याच्याशी बोल. मी मधे येणार नाही. ‘परत ये’ असंही लिहीत नाही, ते म्हणायला मला तोंड नाही.

रोपं मी जाळली आणि नाव तुझं घेतलं. हे माझ्या अक्षरात, माझ्या सहीनिशी तुझ्याजवळ असू दे. कुणी विचारलं तर खुशाल दाखव.

तुझ्याबद्दल खोटं बोललेला,
दादा