तिसऱ्या रांगेतली बाई

दि. ९ नोव्हेंबर, गुरुवार, दुपार

ती. वन्सं,

वाकून नमस्कार. तुमचं पत्र सोमवारी पोचलं. उत्तराला तीन दिवस लावले, त्याबद्दल रागावू नका. इथे सगळं ठीक आहे असं लिहायची हाताला सवय आहे, पण तसं ते नाही. माझी तब्येत मात्र बरी आहे. खोली कोरडी आहे, उजेड भरपूर. खिडकीखाली चपला शिवणारे काका बसतात. त्यांची हातोडी चालू झाली की माझा जप सुरू होतो, आता दोघांची लय जमली आहे. तुमचे गुडघे कसे आहेत? जिना चढू नका म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं, तरी गच्चीवर कपडे वाळत घालायला तुम्हीच जात असणार.

तुम्ही लिहिलंत, "माझा भाऊ तीन वर्षं तुरुंगात आहे आणि त्याच्या बायकोनं त्याला एक कार्ड टाकलं नाही. हे गुडघे घेऊन मी दोनदा जाऊन आले. तुला एवढी कसली लाज वाटते गं?" पत्र वाचलं, घडी केली आणि देवापुढे ठेवलं. तुमचं काही चुकलेलं नाही. मी गेले नाही, कार्डही टाकलं नाही. पण लाज म्हणून नव्हे. नुसती लाज असती तर कधीच गिळून टाकली असती.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नाही. ह्यांनीच बंदी घातली होती. तुम्हाला वाटायचं, मला जादूचं काही आवडत नाही, मी आपली खोलीवर पोथी वाचत बसते. वन्सं, मी एकही खेळ चुकवला नाही. तिकीट काढून तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, मांडीवर कापडी पिशवी घेऊन बसायची. खेळ निम्म्यावर आला की हे रंगमंचावरून खाली उतरायचे, चार लोकांकडे बघून न बघितल्यासारखं करायचे आणि माझ्यापाशी थांबायचे.

"बाई, आपण मला याआधी कधी पाहिलंय?"

"नाही हो."

"कधी बोललोय आपण?"

"आत्ता बोलताय तेवढंच."

पुढे ह्यांना "देवाशपथ?" असं विचारायचं होतं. मी पहिल्याच दिवशी सांगितलं, देवाची खोटी शपथ माझ्या तोंडून निघणार नाही, दुसरी बाई बघा. मग ह्यांनी ते बदललं. विचारायचे, "घरी यजमान काय करतात?" मी म्हणायची, "करतात कसलं, नुसती हातचलाखी." सगळं सभागृह हसायचं. आणि लोकांकडून मागून घेतलेलं घड्याळ किंवा अंगठी, जे काही रंगमंचावर नाहीसं झालं असेल, ते माझ्या पिशवीतून निघायचं. निघणारच, बोलता बोलता ह्यांनीच ते तिथे सोडलेलं असायचं. मी तोंडाला पदर लावून चकित व्हायची. तेवढा अभिनय मला जमायचा.

पण त्यासाठी आम्ही नवरा-बायको आहोत हे कुणाला कळून चालत नव्हतं. प्रत्येक गावात हे मंडळींबरोबर लॉजवर उतरायचे आणि मी गावाच्या दुसऱ्या टोकाला खोली घ्यायची. रस्त्यात समोरासमोर आलो तर मी दुकानाच्या पाट्या वाचायची. अठरा वर्षांत आम्ही एका भाजीवाल्यापुढे कधी एकत्र उभे राहिलो नाही. लग्नाचा दाखला आणि तुमच्या आरशाच्या कपाटापुढे काढलेला तो एकच फोटो तुमच्या ट्रंकेत ठेवायला दिला, तो त्यासाठीच. तुम्ही तेव्हा म्हणाला होतात, "काय गं, पळवून आणलेली आहेस का?" आणि हे म्हणाले होते, "नाही ताई, गायब केलेली आहे."

चोरीचं तुम्ही पेपरात वाचलंत. सराफाच्या पेढीला पन्नास वर्षं झाली, म्हणून त्यानं आपल्या गिऱ्हाइकांसाठी ह्यांचा खेळ ठेवला होता. सराफाच्या बायकोच्या गळ्यातला पाचूंचा हार ह्यांनी मागून घेतला, रुमालात नाहीसा केला आणि तिसऱ्या रांगेतल्या एका अनोळखी बाईच्या पिशवीतून काढून परत दिला. परत दिला तो काचेचा होता. पेपरात एवढंच आलं. ती बाई कोण, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

लगेच पकडले कसे गेले, हे पेपरात नव्हतं. ते मी सांगते, कारण ते माझ्या हातून झालं.

आमच्या सामानाच्या पेटीतल्या प्रत्येक वस्तूवर नंबर घालायचं काम माझं. गावोगाव फिरताना वस्तू हरवतात, म्हणून मी बारीक कुंचल्यानं पांढऱ्या रंगात मागच्या बाजूला आकडा काढायची आणि वहीत लिहायची. दुहेरी तळाचा डबा, सेहेचाळीस. खोटा हार ह्यांनी पेढीच्या जाहिरातीतला फोटो समोर ठेवून पंधरा दिवस बसून बनवला, अगदी हुबेहूब, आणि माझ्याकडे दिला. मी तो पुसला आणि कापसात ठेवण्याआधी फाशाच्या, म्हणजे हाराच्या कडीच्या, मागे सत्तेचाळीस लिहिलं. कुणी सांगितलं नव्हतं. हात आपोआप गेला.

सराफानं हार बायकोला घालताना फासा उलटा केला. "हा सत्तेचाळीस कसला?" म्हणून तो हसला. त्याला वाटलं, खेळातलाच भाग आहे. पुढे बसलेल्या त्याच्या कारकुनानं टेबलावरचा डबा उचलून मागे पाहिलं आणि म्हणाला, "शेठ, ह्याच्यावर सेहेचाळीस आहे."

ह्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मी आज एवढं लिहिलं नसतं.

दारं लावली. पोलीस आले. हे आधीच बोलून मोकळे झाले, "सगळं माझं आहे. आकडेही माझेच. ह्या बाई तर बिचाऱ्या तिकीट काढून आल्या आहेत, त्यांना घरी जाऊ द्या." इन्स्पेक्टरनं माझी पिशवी उलटी केली. पोथी, चष्मा, किल्ली निघाली. मग त्यानं विचारलं, "बाई, तुम्ही ह्या माणसाला ओळखता?"

मी म्हणाले, "नाही हो."

त्याच सुरात. अठरा वर्षं घोटलेला सूर. जराही चुकला नाही.

काका पाणी मागायला आले आहेत. उठते.


शुक्रवार, सकाळ

काल परत लिहायला बसले नाही. खोटं नको, मुद्दामच बसले नाही. रात्री नीट झोप लागली आणि त्याचंच सकाळी वाईट वाटलं.

वन्सं, पिशवीला दुसरा तळ होता. तो मीच शिवलेला. खरा हार तिथे होता आणि मी तो घेऊन बसस्टॉपवर उभी राहिले, बसमध्ये बसायला जागासुद्धा मिळाली. आज तो देव्हाऱ्याच्या फळीमागे आहे. तीन वर्षं मी त्याच्यासमोर हात जोडते आहे, देवासमोर जोडते आहे असं समजून. हार सापडला नाही म्हणून ह्यांना शिक्षा जास्त झाली. मी तो दिला असता तर मला वाचवायला ह्यांनी पोलिसांना सांगितलेलं सगळं वाया गेलं असतं, असं मी स्वतःला समजावत आले. ते अर्धंच खरं आहे. मी भ्याले होते.

आणि अजून एक राहिलं. काल मी लिहिलं, नंबर माझ्या हातून पडला. जणू तेवढीच माझी चूक. कल्पनाच माझी होती. ह्यांना असलं काही सुचणारं डोकं नाही, तुम्ही बहीण आहात, तुम्हाला ठाऊक आहे. हे लोकांना दहा मिनिटं फसवून वस्तू परत देणारे, परत देतानाच ह्यांचा चेहरा फुलायचा. मी म्हणाले होते, "माझी पिशवी आजवर कुणी तपासली आहे का? एकदाच करू. मग हा धंदा बंद. कुठेतरी घर घेऊ आणि दारावर पाटी लावू, दोघांच्या नावांची." हे आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी फक्त विचारलं, "पाटी लाकडाची की पत्र्याची?"

लोक म्हणतात, लोभ. मला तो हार एकदाही गळ्यात घालून बघावासा वाटला नाही. मला परकी असण्याचा कंटाळा आला होता, एवढंच.

आता मुद्द्याचं. गेल्या महिन्यात मी ह्यांना पाहिलं. इथल्या प्रार्थना मंडळाच्या बायका वर्षातून एकदा तुरुंगात फळं वाटायला जातात. मी वर्षभर आधी मंडळात नाव घातलं होतं. कैद्यांचा छोटा कार्यक्रम होता. गाणी झाली, नक्कल झाली आणि मग हे आले. सदरा खांद्यावरून लोंबत होता. एक रुमाल, एक नाणं, एवढंच सामान. मध्येच खोकला आला तेव्हा भिंतीला हात लावून थांबले. मग खाली उतरले. मी तिसऱ्या रांगेत बसले होते, दुसरीकडे बसायचं मला सुचलंच नाही.

"बाई, आपण मला याआधी कधी पाहिलंय?"

मी मांडीवरची पिशवी सरळ केली. शेजारची बाई मला कोपरानं ढोसत होती, "अहो, सांगा की, लाजताय काय." शेवटी मी मान हलवली. नाही म्हणून.

"घरी यजमान काय करतात?"

मी तोंडाला पदर लावला. ह्यांनीच सांभाळून घेतलं, "राहू द्या, दमलेले असतील." लोक हसले आणि हे पुढे गेले.

खोलीवर येऊन पिशवी रिकामी केली तर आत कागदाचं इवलंसं फूल. मागे पेन्सिलीनं आकडा होता, अठ्ठेचाळीस. ते मी वहीत लिहून ठेवलं आहे.

परवा मंडळाच्या एका बाईकडून कळलं, हे तुरुंगाच्या दवाखान्यात आहेत. फुप्फुसं गेली. डॉक्टर म्हणतात, आठ दिवस, फार तर पंधरा. मी फाटकावर गेले. कारकून कागद बघून म्हणाला, "इथे तर अविवाहित लिहिलंय. नात्यातलं जवळचं माणूस असेल तरच भेट मिळेल. तुम्ही कोण?"

मी म्हणाले, "चुकून आले," आणि परत फिरले.

म्हणून हे पत्र. तो दाखला आणि तो फोटो मला हवा आहे. रजिस्टर पोस्टानं नको, वेळ लागेल. हे पत्रही आज एसटीच्या पार्सलानं पाठवते, उद्या तुम्हाला मिळेल. तुमचा जावई रविवारी इकडे येतो, त्याच्या हाती द्या. बंद पाकिटात, आणि त्याला काही विचारू देऊ नका. सोमवारी सकाळी मी फाटकावर जाईन. दाखला आणि हार दोन्ही त्याच पिशवीत असतील, ह्या वेळी दुसऱ्या तळात नाही, वरच. दाखला दाखवला की तिसऱ्या रांगेतली बाई कोण हे त्यांना कळणारच. तेव्हा हार लपवून आत जाणं म्हणजे ह्यांना शेवटचं भेटतानाही खोटं बोलणं. आधी आत सोडतील की आधी धरतील, हे देवावर सोडलं आहे. मी त्याच्याकडे एवढंच मागते, की आधी पाच मिनिटं मिळावीत. मला ह्यांना काही सांगायचं नाही. नुसतं सगळ्यांच्या देखत शेजारी बसायचं आहे.

तुम्ही मला माफ करा असं लिहिणार नाही. दाखला पाठवा, एवढंच. आणि गच्चीवर जाऊ नका.

तुम्हाला आजवर जेवढी पत्रं लिहिली, त्यांच्याखाली नुसतं "मी" लिहीत आले. पत्र कुणाच्या हाती पडलं तर कळू नये म्हणून. आज पुरं लिहिते.

तुमच्या भावाची लग्नाची बायको