मिरचीच्या वाफ्यातली खुंटी

उलवे, मंगळवार

ती. दाजींस कोंडिबाचा दंडवत. आक्का बरी असेल, आपला गुडघा आता वाकत असेल, असं धरून चालतो. इकडे सौ. राजाबाई ठणठणीत आहे. मी मात्र परवा एक गुन्हा केला. तो दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच लिहितो.

नव्या विमानतळाच्या अंगाला आमची रोपांची नर्सरी आहे, हे आपण जाणताच. गेल्या आठवड्यात उत्कर्षा नावाची इंजिनीअर पोरगी तिपाईवरची दुर्बीण घेऊन आली आणि दर तीस मीटरवर लाल खुंटी ठोकत सुटली. (उतरत्या विमानाला वाट दाखवणारे दिवे लागणार म्हणे.) एक खुंटी थेट माझ्या मिरचीच्या वाफ्यात! शेजारच्या केयूरच्या लग्नाच्या लॉनला मात्र ओरखडाही नाही. त्यात तो तिला लिंबू सरबत देताना मी स्वतः पाहिला. (मी पाणीही विचारलं नव्हतं, ते सोडा.) काय शिजलंय ते मी ओळखलं. परवा दुपारी सगळे जेवायला गेल्यावर खुंटी उपटली आणि चार पावलं सरकवून केयूरच्या हिरवळीत ठोकली.

परतल्यावर तिने दुर्बिणीला डोळा लावला आणि सरळ माझ्याकडेच आली.

"काका, खुंटी तुमी हलवली ना?"

"वाऱ्याने गेली असेल," मी म्हटलं.

ती हसली नाही. मला दुर्बिणीतून बघायला लावलं. दाजी, नऊशे मीटर खुंट्या एका सुतात, आणि माझी एकटी पंगतीतून उठल्यासारखी बाहेर! मग मी सरबताचं काढलं.

"धुक्यात पायलटला आधी हीच रांग दिसते, काका. पुढे एक आडवी ओळ असते, तिच्यावरून विमान कललंय का ते कळतं. हे नियमाने ठरतं, सरबताने नाय."

विमानात बसलेली माणसं डोळ्यांपुढे आली. खुंटी मीच उपटून तिच्या हातात दिली. तिने पुन्हा मोजून वाफ्यात ठोकली. (पायलटला चकवा नको म्हणून केयूरची रोषणाईही बंद होणार. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?) वाफा गेला, पण आता माझा कुणावरही संशय उरला नाही.

आपला,
कोंडिबा

ता. क. रोपं महिनाअखेर हलवायची आहेत. आपल्या विहिरीजवळची पडीक पट्टी वर्षभर मिळेल का? पत्र खरं तर त्यासाठीच.

आणखी एक. देणार असाल तर बांध आधी नीट पाहून ठेवा. बांधापलीकडचा आपला तो शेजारी मला फार सज्जन वाटला, म्हणूनच म्हणतो.