सुनीताचा फोन

गुरुवार, संध्याकाळ. चेरीताल.

आज पुन्हा कांचघर मोहल्ल्यात, सुनीताकडे. आम्हा दोघींच्या कानाचं ऑपरेशन एकाच महिन्यात झालं, कानामागचं मशीनही एकाच कंपनीचं. आणि ती बाई फोनवर बोलून राहिली! माझ्यासमोरच मुलाशी बोलली, हसून हसून. माझ्या फोनमध्ये अजून नुसते डब्यात खडे वाजतात.

काहून? ऐकण्याचा सराव घेणाऱ्या मॅडमना विचारलं होतं मी. म्हणाल्या, "हर किसी का अलग होता है. सुनीताजी को दो साल से नहीं सुनाई देता था, आपको अठारह साल से." शिवाय सुनीतानं आधीचं साधं मशीन शेवटपर्यंत लावलं. माझं साड्यांच्या घडीत पडून होतं. लग्नाकार्यात बायका पाहतील, सुनेच्या माहेरचे पाहतील... अठरा वर्षं कानाला काही कामच दिलं नाही मी.

माहीत आहे सगळं. तरी तो फोन तिच्या हातून हिसकून घ्यावासा वाटला.

मग ती चहा करायला उठली. मी मान खाली घालून बसले होते. ओट्याकडे तोंड करून ती म्हणाली, "ताई, तुम्ही इतकी वर्षं मशीन काहून नाही लावलं?"

तिचे ओठ दिसत नव्हते. तरी अख्खं वाक्य, शब्द न् शब्द, स्वच्छ ऐकू आलं. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच.

मी वर पाहिलं आणि म्हटलं, "काय म्हणालीस? ऐकू नाही आलं."