सात पाण्यांचा डिंक

३ तारीख, सोमवार
लॅबमधली संशोधन करणारी पोरगी आज नाचलीच! दुसऱ्यांदा सगळे कण एकसारखे आले. तिचे सर म्हणाले, अजून एकदा असंच येऊ दे, चौदा तारखेच्या आत. नाही आलं तर विषय बंद, गाशा गुंडाळायचा.

विचारलं, करतेस तरी काय? म्हणाली, "मावशी, गंज बनवते. लोखंडाचा." घ्या! मी जन्मभर गंज घासला, इथंही काचेची भांडी घासते, आणि ही तो हौसेनं पिकवते! पाण्यात विरघळणारा कसलासा डिंक घालते — पॉलिमर. तो गंजाच्या कणांच्या अंगाला बिलगतो, मग ते वाढत नाहीत. कण तर डोळ्यांना दिसतही नाहीत. कशावरून खरं?

६ तारीख
करून बघितलं. दोन पेल्यांत तुरटीचं गरम पाणी, एकात डिंक. साध्यात टपोरे खडे, डिंकवाल्यात बारीक रवा. म्हणजे पोरगी थापा मारत नाही.
नवरा ओरडला, "माझी दाढीची तुरटी कुठाय?"
म्हटलं, विज्ञानाला दिली.

११ तारीख
बिघडलं. कण नाहीत, ढेकळं! सर म्हणाले, "तुझा हात चुकला." तिचा हात? रोज बघते मी. चुकत नाही.

१२ तारीख
त्या भांड्यानं डोकं खाल्लं. डिंकाचं भांडं सात पाणी घेतं, तेव्हा कुठं बुळबुळ जाते. आज दोन पाण्यांत लख्ख! डिंक नवा, परवाच आलेला. सांगितलं. पोरगी म्हणते, लेबल तेच आहे. "लेबल धुते का मी?"
सर हसले — "मावशी, डिंक तो डिंक."
डोंबल!

१३ तारीख
पोरीनं दुकानदाराला फोन लावला. डिंक तोच, पण त्याच्या आतले धागे आखूड! जुन्याचे लांब होते, एकमेकांत गुंतायचे, म्हणून बुळबुळ. लांब धाग्याचा यायला तीन आठवडे. मुदत उद्या.

जुन्या बाटलीच्या तळाशी थोडा उरला होता — तो मीच सोमवारी धुऊन टाकला. तोंडावर सांगितलं तिला. रिकामी बाटली उचलून फळीवर ठेवली तिनं. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१४ तारीख
कण जमले नाहीत, तरी विषय चालू! पोरीनं आखूड धाग्यांचं सगळं सांगितलं. सर म्हणाले, धागा केवढा तसा कण — आता हेच शोध. मग माझ्याकडे वळले. कुठलं भांडं किती पाण्यांत सुटतं, रोज टिपून ठेवायचं म्हणे.
"लिहिता येतं ना तुम्हाला?"
म्हटलं, थोडंफार.