दोन बोटे कमी उंचीच्या स्टेपनीबाबत

प्रति,
मा. वाहन अधिकारी साहेब,
आरोग्य विभाग, वाहन शाखा

विषय : आपल्या चालकाने खोटा जबाब दिल्याबद्दल तक्रार, व खरा दोष कोणाचा ते कळविणेबाबत.
संदर्भ : डोंगरापलीकडे औषधे नेणारी आपली फोर व्हील ड्राइव्हची गाडी उतारावर मोडली, त्याबद्दल चालकाने दिलेला लेखी जबाब.

महोदय,

कारणे अर्ज करते की, मी नाक्यावरच्या टायरच्या दुकानाची मालकीण आहे. आपला चालक हा माझा जावई. त्याच्या वागणुकीबद्दल माझी सक्त तक्रार आहे. त्याने जबाबात लिहून दिले की त्या दिवशी माझे दुकान बंद होते, म्हणून त्याने कुठला तरी जुना टायर शोधून स्वतःच्या मनाने बसवला. साहेब, माझे मालक गेले तेव्हा तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी पाना हातात घेतला, तेव्हापासून दुकान बंद नाही. तापात उघडले आहे. पोरीच्या लग्नात हळदीच्या हाताने हवा मारली आहे. ते बंद होते असे सरकारी कागदावर लिहायला या माणसाला लाज कशी वाटली नाही?

२. खरे काय घडले ते लिहिते. गाडीचा मागचा टायर दगडाने बाजूने चिरला होता आणि आतली स्टेपनी आधीच गेलेली. जावई तशाच चाकावर गाडी हळूहळू रेटत दुकानात आला. सोबत नर्सबाई, मांडीवर लशींचा बर्फाचा डबा घेऊन. त्या मापाचा टायर माझ्याकडे नव्हता, दुसऱ्या दिवशी येणार होता. माझ्या दारातून गिऱ्हाईक रिकामे गेले असे कधी झाले नाही, हा माझा ताठा. मी मागच्या ढिगातून एक टायर काढला. रिम बसली, नट बसले. मी म्हटले, झाले काम.

३. जावयाने टायर दुसऱ्या चाकाशेजारी उभा करून वर हात ठेवला. म्हणाला, "आई, दोन बोटं कमी आहे. साध्या गाडीला चालेल. हिला चढावर चारही चाकांना जोर द्यायचा दांडा टाकावा लागतो. एक चाक लहान असलं की ते जास्त फिरतं, आत ओढाताण होते." साहेब, त्याचे खरे होते, आणि मला ते कळतही होते. पण समोर नर्सबाई, दोन ट्रकवाले, शेजारचा वेल्डिंगवाला. मी म्हटले, "तुम्ही गाडी चालवता, मी टायर बसवते. तुमचं तुम्ही बघा." ट्रकवाले हसले. जावई म्हणाला, "बरं आई." मला तेव्हा फार बरे वाटले होते. ते बरे वाटणे आता घशाखाली उतरत नाही.

४. पुढचे आपल्या फिटरने लिहिलेच असेल, तरी माझ्याकडून ऐकावे. चढावर चिखल होता म्हणून दांडा टाकावाच लागला. चिखलात चाके घसरत होती तोवर निभावले. वरच्या वस्तीत लशी दिल्या. परत येताना बाळंतपणाची एक बाई गाडीत घेतली. पक्का रस्ता लागल्यावर दांडा काढायला गेला तर तो निघेना. गाडी मागे घेऊन पाहिली, तरी नाही. वळणावर आत काहीतरी फुटले आणि तेल रस्त्यावर सांडले. बाईला खाटेवर घालून खाली आणावे लागले. जावयाने एक बाजू शेवटपर्यंत सोडली नाही, असे नर्सबाई सांगतात. त्याने मात्र मला यातले अवाक्षर सांगितले नाही.

५. बाई आणि बाळ सुखरूप आहेत. मी दवाखान्यात जाऊन पाहून आले. मी कोण ते तिला ठाऊक नव्हते. हसून म्हणाली, "बसा ना मावशी." मला बसवले नाही. "घाईत आहे" म्हणून निघून आले.

६. आता जावयाला कामावरून काढायचे ठरते आहे असे कळले. गाडीशिवाय त्याला दुसरे काही येत नाही, आणि शिकायचेही नाही. त्याने खोटे का लिहिले तेही सांगते. आपल्या गाड्यांचे टायरचे काम माझ्या दुकानाकडे आहे. ते जाईल म्हणून त्याने सगळे स्वतःच्या अंगावर घेतले. मुलगी मला एका शब्दाने बोलत नाही, फक्त चहाचा कप समोर आपटून ठेवते. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर झोप तरी लागली असती.

७. मी आपल्या कारकुनाला म्हटले, त्याच्या जागी मला काढा. तो म्हणाला, "आजी, तुम्ही नोकरीतच नाही, तर काढणार कशा?" अडचण बरोबर आहे. म्हणून विनंती की, मला एका दिवसापुरते चाकांत हवा मारायला नेमावे आणि दुसऱ्या दिवशी शिक्षा म्हणून काढून टाकावे. कारण लिहावे की, माहीत असून चुकीचा टायर बसवला व सांगणाऱ्याचे तोंड बंद केले. ते कार्यालयाच्या भिंतीवर लावावे, मोठ्या अक्षरात. आपले काम माझ्या दुकानाकडून काढून घ्यावे, मी हरकत घेणार नाही. वेल्डिंगवाला पाहील, ट्रकवाले पाहतील, पाहू द्यावे. फक्त चालकाला त्याच्या गाडीवर परत घ्यावे.

८. पुरावा पाहिजे तर, माझ्या दुकानातून गेलेल्या प्रत्येक टायरला मी आतून पिवळा रंग लावते. या टायरलाही आहे. आपल्या फिटरने खोलून पाहावे. मी शाळेत फार गेले नाही, अक्षर वाकडे आहे, ते चालवून घ्यावे. मजकूर सरळ आहे.

आपल्यापुढे प्रथमच मान खाली घालून,
नाक्यावरची टायरवाली
(सही केली आहे, अंगठाही दिला आहे. कोणी नंतर माझी सही नाही म्हणू नये.)
तारीख : अर्ज आपल्या हाती देईन ती

सोबत : सदर टायर, मोडक्या गाडीवरून मीच उतरवून आणलेला, हातगाडीवर. आत आणायचा की बाहेर ठेवायचा ते शिपायाला सांगावे.

ता. क. : अर्ज पाकिटात घालण्याआधी जावयाला समोर बसवून वाचून दाखवला. तो म्हणाला, "आई, हे देऊ नका. तुमचा मान जाईल." मी त्याला मुलीसमोर मोठ्याने जे सांगितले ते आपणही अर्जाचाच भाग समजावे : "जावईबापू, चूक माझी, ती मी फेडीन. तुमचीही एक आहे. खरं तुम्हाला ठाऊक होतं आणि तुम्ही 'बरं आई' म्हणालात. सासूचा मान राखायचा तो ताटावर. गाडीखाली शिरल्यावर मी सासू नाही. तिथे मी चुकले की हातातून पाना काढून घ्यायचा."