हरभऱ्याच्या कॉफीचा पहिला पेला

प्रिय लुना हिस, धुक्याआडून सप्रेम आठवण.

एक गंभीर तक्रार नोंदवतो: इथली कॉफी भाजलेल्या हरभऱ्याची असते, आणि पाहुणा म्हणून पहिला पेला मलाच घ्यावा लागतो.

तुझा हा ज्यू मास्तर नवरा नाझिफ नावाच्या डोंगरी शेतकऱ्याच्या घरी मुका मेंढपाळ होऊन सुखरूप लपला आहे. सकाळी दरी धुक्याने भरते, तेव्हा युद्ध कुणाच्या तरी स्वप्नातलं वाटतं. पलीकडच्या डोंगरात तुला नीट ठेवलंय ना? आपल्या छोटीचा खोकला कसा आहे?

काल जर्मन आले. नाझिफच्या बायकोने, हावावहिनींनी, सवयीने पहिला पेला मलाच दिला.

"गड्याला आधी?" दुभाष्याने विचारलं.

"नाहीतर मेला भांडी फोडतो," नाझिफची म्हातारी आई म्हणाली. ते हसत गेले.

नंतर मी वहिनींना विनवलं, मला शेवटी द्या, तर म्हणाल्या, "पाहुण्याला मागे ठेवू? आणि भाऊजी, मुक्याने बोलू नये."

लुना, ते परत आले तर ही माणसं पुन्हा मलाच आधी देतील, आणि माझ्यापायी मरतील. मला त्याचीच भीती वाटते.

तुझाच,
हाइम